कळवायला आपलं माणूस

मावळातल्या कुठल्याही गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यात आधी उघडली जाणारी आणि सगळ्यात नीट वाचली जाणारी पोस्ट निधनाची असते. वर फोटो, खाली वय, मागे कोण कोण आहे त्याची नावं, अंत्यविधी किती वाजता, सावडणं कधी, दशक्रियेला कोणत्या महाराजांचं प्रवचन. मिनिटाभरात खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते. बाहेरच्या माणसाला ती रांग यांत्रिक वाटते, सगळ्यांनी एकमेकांचं उचलून चिकटवल्यासारखी. गावातला माणूस मात्र ती वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. कुणी लिहिलं, कुणी अजून लिहिलं नाही, बांधावरून बोलणं बंद असलेल्या चुलतभावाने लिहिलं का, हे सगळं त्या रांगेत दिसतं. दारात येऊन बसणाऱ्यांची ती हजेरीच असते.

पूर्वी यासाठी माणूस धाडावा लागे. आंदर मावळातल्या एखाद्या वाडीत रात्री कुणी गेलं, तर पहाटे एक गडी वडगावच्या बाजूला, दुसरा तळेगावला, तिसरा लेकीच्या सासरी डोंगर ओलांडून निघायचा. सांगावा पोचून लेक येईपर्यंत माती झालेली असायची. बापाचं तोंड शेवटचं बघता आलं नाही, ही खंत उरात घेऊन जगलेल्या बायका आजही या भागात आहेत. आता दादर-परळला असलेला पुतण्या बातमी वाचतो आणि मिळेल ती गाडी पकडून लोणावळ्याला उतरतो. लोक समाजमाध्यमं का वापरतात याचं एक उत्तर इथे आहे. ते साधं आहे म्हणून चर्चेत येत नाही.

समाजमाध्यमांचा विषय निघाला की बोलणं थेट रील काढणाऱ्या पोरांवर जातं. ती पोरं या लेखात येणार आहेतच, लोणावळ्यावर लिहायचं तर त्यांना टाळता येत नाही. पण लोणावळा हा मावळाचा एक कोपरा आहे. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही तीन खोरी, त्यांतली भाताची खाचरं, वाड्यावस्त्या, आणि इथून मुंबईला पोट भरायला गेलेली माणसं हाही मावळच. त्यांच्या हातातही फोन आहे आणि त्यांची कारणं वेगळी आहेत.

मुंबईच्या डबेवाल्यांचंच बघा. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं, तेव्हापासून डबा उचलणारे हात प्रामुख्याने मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले या पट्ट्यातलेच. अर्धं घर मुंबईच्या खोलीत, अर्धं गावी. चैत्रात गावची जत्रा आली की डबेवाले काही दिवस सुट्टी घेऊन गावाला जातात. मुंबईतल्या गिऱ्हाइकांनाही हे माहीत असतं आणि कुणी कुरकुर करत नाही. वर्षातले ते दिवस सोडले तर बाकीचा काळ गाव फोनमध्ये. लावणी कुठवर आली, ओढ्याला पाणी किती, देवळाचा कळस कधी बसवायचा, वर्गणी कुणी दिली, कुणाची राहिली. मार्च २०२० मध्ये करोनामुळे लोकल बंद पडली आणि डबे थांबले, तेव्हा ही माणसं गावी परतली. त्या काळात ग्रुप उलट्या दिशेने चालला: गावी बसलेले डबेवाले मुंबईतल्या आपल्या लाइनीची खबर घेत होते, कुठली कचेरी उघडली, कुठलं गिऱ्हाईक परत आलं. कामाची चिंता त्यात होती, आणि वर्षानुवर्षं ज्यांच्या घरचा डबा उचलला त्या माणसांची काळजीही होती.

जत्रेला येता आलं नाही तर आता जत्रा फोनवर येते. बैलगाडा शर्यतीचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. बंदी लागली तेव्हा गावात साधे फोन होते. बंदी उठली तेव्हा प्रत्येक खिशात कॅमेरा होता आणि डेटा स्वस्त झाला होता. त्यामुळे शर्यत परतली ती दुसऱ्याच रूपात. घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाडा जुंपला की लाइव्ह सुरू. निवेदकाचा आवाज, भंडाऱ्याची उधळण, पुढे पळणारी घोडी, किती सेकंदांत बारी झाली त्याची घोषणा. नोकरीसाठी चाकणच्या कारखान्यात पाळीवर असलेला पोरगा जेवणाच्या सुट्टीत हे बघतो आणि खाली आपल्या गावच्या बैलाचं नाव लिहितो. बैलांची स्वतःची खाती आहेत. बैल म्हातारा होऊन गेला तर त्याच्याही श्रद्धांजलीची पोस्ट पडते, आणि ती लिहिणाऱ्याच्या मनात खोटं काही नसतं. ज्याने तो बैल पोटच्या पोरासारखा वाढवला, त्याला आपलं दुःख समजणारी हजार माणसं एरवी कुठे भेटली असती?

माध्यमं माणसांचं काय करतात असं विचारण्याऐवजी माणसं माध्यमांचं काय करतात असं विचारायला पाहिजे, ही दृष्टी जुनी आहे. हेर्टा हर्झोग या संशोधक बाईंनी १९४० च्या दशकात अमेरिकेत दुपारच्या रेडिओ मालिका ऐकणाऱ्या गृहिणींशी बोलून शोध घेतला. बायकांना रडून मोकळं व्हायला मिळत होतं, न जगलेलं आयुष्य मनात जगता येत होतं, आणि घरातले पेच कसे सोडवायचे याचा सल्लाही त्या मालिकांतून काढत होत्या. शेवटची गोष्ट त्या काळच्या विद्वानांच्या ध्यानीमनी नव्हती. पुढे १९७० च्या दशकात इलिहू कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दृष्टीला शास्त्राचं रूप दिलं: माणूस आपली काहीतरी गरज घेऊन माध्यमाकडे येतो आणि ती भागते तोवर थांबतो. मावळातल्या फोनांकडे पाहताना हर्झोगबाईंचा धडा मला फार उपयोगी वाटतो. करमणूक म्हणून जे दिसतं त्याच्या आत दुसरंच काही चाललेलं असतं.

गावातल्या बायकांचा वापर बघताना हे विशेष जाणवतं. कित्येक जणींच्या डीपीवर त्यांचा चेहरा नसतो. तिथे एकवीरा आई असते, विठ्ठल असतो, लेकराचा फोटो असतो, गुलाबाचं फूल असतं. चेहरा न ठेवणं हा बहुतेक वेळा घरचा दंडक असतो, काही वेळा त्यांची स्वतःची सावधगिरी. पण त्या फुलामागे बसलेली बाई चार बहिणींच्या ग्रुपवर मनमोकळी बोलत असते. चार जणी चार गावांत दिलेल्या, माहेरी एकत्र भेट दिवाळीला किंवा भावाच्या घरच्या कार्याला. पूर्वी मधल्या काळात एकमेकींचं काही कळत नसे. आता सकाळी डबे झाले, गुरांचं झालं की दहा मिनिटं त्या ग्रुपची. कुणाच्या गौरीचा देखावा, कुणाच्या पोरीचा दहावीचा निकाल, कुणाची सासू रुसलेली. लिहिता फारसं येत नसलेली थोरली बोलून पाठवते. आवाजाचा मेसेज ही तिच्यासाठी मोठीच सोय झाली. भजनी मंडळाच्या बायका चाल पाठ करायला तेच वापरतात. एकीने म्हणून पाठवायचं, बाकीच्यांनी भाकऱ्या थापता थापता ऐकायचं.

२०१२ पासून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या डॅनियल मिलर यांच्यासह नऊ मानववंशशास्त्रज्ञांनी जगात नऊ ठिकाणी प्रत्येकी पंधरा महिने राहून लोक समाजमाध्यमांवर काय टाकतात आणि का टाकतात याचा अभ्यास केला. भारतातला भाग श्रीराम वेंकटरामन यांनी तमिळनाडूत केला. त्यांना तिथे जे दिसलं ते आपल्यालाही ओळखीचं वाटेल: नातं, जात, वय, पुरुष-बाई हे जुने धागे ऑनलाइन गेल्यावर तुटले नाहीत, तेच पुढे विणले गेले. आपल्याकडे एका गावात किती ग्रुप असतात ते मोजून बघावं. गावाचा एक, भावकीचा एक, आळीचा एक, देवस्थानाचा, बचत गटाचा, तरुण मंडळाचा, दहावीच्या बॅचचा. कोण कशात आहे आणि कोण नाही यावरून गावाची सगळी रचना कळते. एकाच गावात राहून काही घरं कुठल्याच महत्त्वाच्या ग्रुपवर नसतात, हेही तेव्हाच कळतं. पारावर कुणाला बसू दिलं जात होतं आणि कुणाला नाही, याचा इतिहास जिथे मिटलेला नाही तिथे तो फोनमध्येही उतरतो. ही गोष्ट आनंदाच्या यादीत बसत नाही, तरी सांगायला हवी.

आता लोणावळा.

वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणारं हे गाव. मुंबईपासून आणि पुण्यापासून हाकेच्या अंतरावर, रेल्वे आहे, २००२ पासून पूर्ण द्रुतगती मार्ग आहे. पर्यटक इथे फार आधीपासून येतात. १९९८ मध्ये ‘गुलाम’ चित्रपटातल्या एका गाण्याने खंडाळ्याचं नाव देशभर पोचवलं, तेव्हा फोनमध्ये कॅमेरा नव्हता. तेव्हाही माणसं फोटो काढत होती, रोल धुवून आणेपर्यंत वाट बघत होती आणि मग अल्बम पाहुण्यांच्या हातात देत होती. पाहुणे दोन पानं उलटून चहाकडे वळायचे. फोटो काढण्याची हौस बदललेली नाही. दाखवण्यातला वेळ नाहीसा झाला. धबधब्याखाली भिजताना काढलेला फोटो केस वाळायच्या आत चुलतबहिणीने पाहिलेला असतो.

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर उभं राहून बघितलं की एक गोष्ट ध्यानात येते. धरण रेल्वेने बांधलेलं, वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं म्हणून. त्याच्या सांडव्यावरून उतरणाऱ्या पाण्यात पिंपरी-चिंचवडचे कामगार, कल्याण-डोंबिवलीची कुटुंबं, कॉलेजची पोरं, नवं लग्न झालेली जोडपी बसलेली असतात. भाजलेलं कणीस, गरम भजी. यांतल्या बहुसंख्य लोकांचे फोटो अनोळखी जगासाठी नसतात. ते घरच्या ग्रुपवर जातात, स्टेटसला लागतात. स्टेटस चोवीस तासांनी जातं आणि कुणी कुणी पाहिलं ते कळतं, म्हणूनच ते आपल्याकडे इतकं लाडकं आहे. आठवडाभर मशीनवर उभा राहणारा माणूस एका रविवारी बायकोपोरांना घेऊन पावसात आला, हे त्याच्या माणसांना कळावं असं त्याला वाटतं. आईने फोटो बघून ‘पोराला जास्त भिजवू नका’ असं उत्तर टाकलं की त्याची सहल पुरी होते. या इच्छेला मिरवणं म्हणून हिणवणाऱ्यांशी माझं जमत नाही. कष्टाने मिळवलेला आनंदाचा दिवस चार जणांना सांगावासा वाटणं हे माणसाचं निरोगी लक्षण आहे.

आपलं नाव, गाव आणि काम चार लोकांपुढे मांडायची ओढ तर या डोंगरांनी दोन हजार वर्षं पाहिली आहे. लोणावळ्याहून पुण्याच्या दिशेने निघालं की कार्ल्याचं चैत्यगृह. त्याच्या भिंतींवर आणि खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावं कोरलेली आहेत. वैजयंतीचा शेठ भूतपाल सांगतो की हे शैलगृह त्याने पूर्ण करवलं आणि जंबुद्वीपात याच्या तोडीचं दुसरं नाही. धेनुकाकट नावाच्या गावाहून आलेल्या कित्येकांनी एकेक खांब दिला. त्यांत स्वतःला यवन म्हणवणारे आहेत, एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, आणि दरवाजाचं काम करणारा एक सुतारही आहे. शेठाबरोबर सुताराचं नाव दगडावर राहिलं. प्रत्येकाने लिहिलेलं जवळपास एकाच साच्याचं: मी अमुक गावचा, अमुक काम करणारा, माझं हे दान. वाचणारा कोण असेल ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण कुणीतरी वाचेल याची खात्री होती. त्यांचं नाव दानाबरोबर आलं, हे मात्र विसरू नये. पलीकडे लोहगडाच्या दरवाज्यांवर आणि भिंतींवर खिळ्याने कोरलेली नावं आणि बाण मारलेले बदाम आहेत, तेही त्याच ओढीतून आले, पण त्यांनी त्या दगडाला काही दिलं नाही, उलट घेतलं. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यांत लोहगड आहे. ज्याला आपण तिथे जाऊन आल्याचं सांगायचं आहे त्याच्या हातात आता फोन आहे. निदान खिळा तरी घरी राहावा.

फोनचा जसा फायदा, तसा भारही आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या एका रविवारी लोहगडाच्या दरवाज्यांतल्या पायऱ्यांवर इतकी माणसं दाटली की पुढे-मागे हलता येईना, तासन्‌तास लोक अडकून राहिले. गर्दीचा व्हिडिओ देशभर फिरला आणि पुढच्या आठवड्यात गर्दी कमी झाली नाही. गडाच्या विंचूकाट्यावरून दिसणारं ढगांचं दृश्य प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या कुणाच्या तरी फोनवर पाहिलेलं असतं, आणि तिथे आपणही उभं राहावं असं वाटतं. जाहिरातीवर माणूस शंका घेतो, मावसभावाच्या फोटोवर घेत नाही.

हाच विश्वास पवना धरणाच्या काठी पोटाला लागला. पवनानगरपासून तुंग-तिकोन्याच्या पायथ्यापर्यंत पाण्याकाठी तंबूंच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. गावातल्या पोराने संध्याकाळच्या पाण्याची, शेकोटीची एक रील टाकायची, खाली नंबर द्यायचा, आणि शनिवारच्या मुक्कामाची विचारणा सुरू. मोठ्या हॉटेलासारखं भांडवल नाही, शहरात कचेरी नाही. फोन, थोडी जमीन आणि घरच्या बाईच्या हातचं पिठलं-भाकरी यांवर धंदा उभा राहतो. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं की नवं काम, नवी संधी सख्ख्या माणसांपेक्षा दूरच्या ओळखींतून जास्त मिळते, कारण सख्ख्यांना आपल्याएवढंच माहीत असतं. पवनाकाठच्या पोरांना हे पुस्तकाशिवाय उमगलेलं आहे. दुसरी बाजूही आहे: लोणावळ्यातल्या बंगल्यांचे सुंदर फोटो लावून आगाऊ पैसे घेणारी बनावट खाती. कुटुंब सामानासह दारात येतं तेव्हा कळतं की बंगला त्या नावाचा नाहीच, किंवा मालकाला काही पत्ताच नाही.

पवनेच्या त्या निळ्या पाण्याचं आणखी एक रूप रीलमध्ये दिसत नाही. धरणात जमिनी गेलेली कुटुंबं याच काठांवर आहेत. या पाण्याची बंद जलवाहिनी पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर इथे द्रुतगती मार्गावर शेतकऱ्यांनी आंदोलन केलं, पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी ठार झाले. दरवर्षी ९ ऑगस्टला मावळातल्या असंख्य फोनांवर त्या तिघांचे फोटो लागतात. त्या दिवशी लोणावळ्याला भिजायला आलेल्याच्या फोनवर तेच धरण हिरव्या डोंगरांसह चमकत असतं. शाळेच्या पुस्तकात नसलेली आठवण पुढच्या पिढीला पोचवायला मावळाने स्टेटसचा वापर केला, याचं मला मोल वाटतं.

मग बिघडतं कुठे?

मला वाटतं, पोच मिळण्याचा आनंद जिथे आकड्याच्या आनंदाला जागा देतो, तिथे. आपल्या माणसाने बघितलं, काहीतरी बोललं, यात मन भरतं आणि माणूस फोन खिशात ठेवतो. आकडा मात्र कधी पुरत नाही. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत दाखवलं होतं की दाणा दरवेळी मिळाला तर पक्षी निवांत असतो. कधी मिळेल याचा नेम नसला की तो चोच मारतच राहतो. रील कधी दोनशे जणांनी बघायची आणि कधी दोन लाखांनी, याचा नेम नसणं हीच तिची पकड आहे. फेसबुकवर लाइकचं बटण २००९ मध्ये आलं. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केली. टिकटॉकने खेड्यातल्या पोरांना, शेतमजुरांना, घरकामाच्या बायकांना जो प्रेक्षक दिला होता तो एका रात्रीत गेला, आणि त्यातल्या अनेकांना नव्या ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. अनोळखी प्रेक्षक मिळवण्यातही खरा आनंद आहे, कलावंताला तो हवाच असतो. ज्याच्या हाती कला नाही त्याला मात्र तोच आकडा गाठायला दुसरं काहीतरी पणाला लावावं लागतं, आणि लोणावळ्यात पणाला लावायला कडे आहेत.

यावर बोलताना घाई करू नये असं मला ३० जून २०२४ च्या घटनेने शिकवलं. त्या रविवारी भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पुण्याच्या हडपसर भागातलं एक कुटुंब प्रवाहाच्या मधोमध अडकलं. वर पाऊस वाढला, पाणी चढलं, एकमेकांना धरून उभी असलेली माणसं वाहून गेली. पाच जणांचा जीव गेला, त्यांत लहान मुलं होती. काठावरच्या कुणीतरी घेतलेला व्हिडिओ संध्याकाळपर्यंत देशभर पोचला, आणि त्याखाली लोकांनी लिहिलं की रीलच्या नादापायी गेले. ते कुटुंब रील काढत नव्हतं, पावसाळी सहलीला आलेलं होतं. डोंगरात पडणाऱ्या पावसाने ओढा काही मिनिटांत कसा फुगतो हे बाहेरून आलेल्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाचे कार्यकर्ते आणि नौदलाच्या आयएनएस शिवाजीचे पाणबुडे मृतदेह शोधत होते, तेव्हा इकडे मेलेल्यांना नावं ठेवणं चाललं होतं. जुलैमध्ये जिल्हा प्रशासनाने धोक्याच्या जागी पाण्यात उतरायला, सेल्फी आणि रील काढायला मनाई केली. आदेश योग्यच होता. पण सगळा दोष फोनवर टाकला की इशाऱ्याचे फलक, कठडे, वेळेवर सूचना देणारी माणसं यांचा हिशेब मागायचा राहून जातो.

१५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला, तेव्हाही पुलावर पर्यटकांची गर्दी होती आणि त्यांच्या हातांत फोन होते. चार जण गेले, अनेक जखमी झाले. पूल जीर्ण झाला होता. नदी बघायला पुलावर थांबलेल्या माणसाला दोष देण्याआधी तो पूल उघडा का राहिला हा प्रश्न येतो.

याच फोनने वाचलेलीही माणसं आहेत. ड्यूक्स नोजच्या परिसरात, राजमाचीच्या जंगलात, ढाकच्या वाटेवर पोरं चुकतात तेव्हा बचाव पथक पहिल्यांदा मागतं ते लोकेशन, आणि मग सांगतं की आहात तिथेच थांबा, बॅटरी वाचवा. लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र हे स्वयंसेवकांचं पथक. यातली माणसं पगारी नाहीत. आपापला कामधंदा करणारी आहेत. ग्रुपवर घटना पडते, कोण निघतंय ते ठरतं, दोर आणि स्ट्रेचर घेऊन मंडळी रात्री डोंगरात शिरतात. वन्यजीव रक्षक मावळचे कार्यकर्ते असेच घरात शिरलेल्या सापासाठी, विहिरीत पडलेल्या प्राण्यासाठी धावतात. जखमी माणूस खाली आणल्याची ओळ ग्रुपवर पडते तेव्हा येणाऱ्या हात जोडलेल्या चिन्हांची तुलना दुसऱ्या कुठल्या लाइकशी करू नये.

आपल्या माणसावरचा विश्वास हे या माध्यमाचं सगळ्यात मोठं बळ, आणि सगळ्यात मोठा धोकाही तोच. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षेवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले होते. अफवा व्हॉट्सॲपवरून फिरली होती. अनोळखी वर्तमानपत्रात छापून आली असती तर लोकांनी कदाचित विचारलं असतं. भावाने, शेजाऱ्याने, मास्तरांनी पाठवलेली होती म्हणून खरी धरली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी फक्त पाच जागी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण खरी मर्यादा ग्रुपमधल्या एका माणसाच्या हातात असते. ‘हे कुठून आलं?’ असं विचारणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, बहुधा एखादी शिक्षिका, आशाताई किंवा निवृत्त पोस्टमन. त्यांना लोक चिडून उत्तर देतात. अशा माणसांना ॲडमिनने सांभाळावं.

आपल्या माणसावरचा हाच विश्वास खळ्यावरही कामी येतो. दिवाळीनंतर मावळात भाताची कापणी आणि झोडणी उरकते. इथला इंद्रायणी तांदूळ वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेला, शिजताना घरभर वास करणारा. पूर्वी तो व्यापारी सांगेल त्या भावाने जायचा. आता शेतकरी खळ्यावरच्या राशीचा फोटो टाकतो, भाव लिहितो, आणि पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमधून मागणी येते. पहिला प्रश्न ठरलेला: तांदूळ नवा की जुना? मग भात मऊ होतो का, पाणी किती घालायचं, किती किलो घेतल्यावर घरपोच मिळेल. पोतं घरी गेलं की शिजलेल्या भाताचा फोटो उलट येतो, वर साजूक तूप. काही गिऱ्हाइकं पुढच्या पावसाळ्यात पोरांना चिखलात उतरवायला शेतावर येतात. नाही जमलं, तर जून सरता सरता त्यांचा मेसेज पडतोच: काका, पाऊस झाला का तिकडे? लावणी कधी धरताय?